रीड-ओन्ली : अडवणारा कोण?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर पुण्यापासून साधारण ३० किलोमीटरवर कोरेगाव भीमा लागते. अलीकडे भीमा नदी आणि तिच्या काठचे पेरणे, पलीकडे सणसवाडी, शिक्रापूर, आणि आणखी पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत. कारखान्यांत कामाला आलेली माणसे या पट्ट्यात खोल्या घेऊन राहतात. त्यामुळे इथल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांत भाडेकरार, बायोडेटा, प्रतिज्ञापत्र, रजेचा अर्ज, सोसायटीची नोटीस असला मजकूर दिवसभर चालू असतो. गिऱ्हाईक घाईतच असते. एक तर शिफ्ट सुटून आलेले, नाही तर शिफ्टला निघालेले.

"दादा, नुसती तारीख बदलायचीय."

"बदलतो ना ताई, पण फाइल लिहूच देईना. रीड-ओन्ली येतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे फक्त बघायची. हात लावायचा नाही."

पुढचे ठरलेले असते. दुकानदार 'सेव्ह अ‍ॅज' करतो, नावापुढे 'नवीन' जोडतो, तारीख बदलतो, प्रिंट काढून देतो. एका बायोडेटापुरते हे ठीकच आहे. पण हाच उपाय ग्रामपंचायतीच्या मासिक सभेच्या इतिवृत्ताला, शाळेच्या निकालपत्रकाला किंवा एखाद्या वर्कशॉपच्या दरपत्रकाला लावला, की वर्षभरात फोल्डरमध्ये 'इतिवृत्त', 'इतिवृत्त नवीन', 'इतिवृत्त नवीन फायनल' आणि 'इतिवृत्त खरे फायनल' अशी चार भावंडे नांदू लागतात आणि त्यांतला थोरला कोण हे कुणालाच सांगता येत नाही. 'सेव्ह अ‍ॅज' अडचण सोडवत नाही, तिला बगल देते. मूळ फाइल जिथे अडकली होती तिथेच राहते, आणि उद्या तीच पुन्हा कुणीतरी उघडते.

या प्रकरणात म्हणूनच एकच प्रश्न धरून चालायचे आहे : लिहू देत नाही म्हणतो तो नेमका कोण? वर्ड, फाइल, फोल्डर, डिस्क, शेजारच्या टेबलावरचा सहकारी आणि मायक्रोसॉफ्टचा परवाना, यांपैकी कुणीही ते म्हणू शकतो. पडद्यावर परिणाम सारखाच दिसतो, उपाय मात्र दर वेळी वेगळा. बहुतेक लोक तो न ओळखताच सगळे उपाय एकामागून एक करून पाहतात, त्यात एखादा लागू पडतो, आणि मग तोच कायमचा रामबाण होऊन बसतो.

अडवणारा ओळखायला दोन मिनिटे पुरतात. आधी खिडकीच्या माथ्यावरची ओळ वाचावी. फाइलच्या नावापुढे तिथे 'रीड-ओन्ली', 'प्रोटेक्टेड व्ह्यू' किंवा 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' असे काही लिहिलेले असते, आणि हे तिन्ही शब्द तीन वेगळ्या कारणांचे आहेत. 'कम्पॅटिबिलिटी मोड' दिसला तर घाबरू नये. फाइल जुन्या धाटणीची आहे एवढेच तो सांगतो, लिहायला आडकाठी करत नाही. नंतर वर्डमध्ये एक कोरे पान उघडावे. त्यावरही अक्षर उमटत नसेल तर फाइलचा दोष नाही, परवान्याकडे बघावे. अक्षर उमटले, पण ते पान अडलेल्या फाइलच्याच फोल्डरमध्ये सेव्ह होत नसेल, तर फोल्डर किंवा डिस्क अडवते आहे. तिथे सेव्हही झाले, तर घोळ त्या एका फाइलपुरताच आहे. निम्मे निदान इथेच होते.

आता सगळ्यांत जास्त भेटणाऱ्याकडे येऊ. मेलवरून किंवा ब्राउझरमधल्या व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेली फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते आणि तिच्यावर 'एनेबल एडिटिंग' असे बटण असते. हा प्रोटेक्टेड व्ह्यू. तो वर्डमध्ये २०१० सालच्या आवृत्तीपासून आला, पण त्याची मुळे बरीच मागची आहेत. १९९५ साली 'कन्सेप्ट' नावाचा एक व्हायरस वर्डच्या फाइलींतून पसरला. तोवर फाइल म्हणजे निर्जीव कागद आणि व्हायरस येतो तो प्रोग्रॅममधून, असा सगळ्यांचा समज होता. वर्डच्या फाइलीत मॅक्रो म्हणून छोटे प्रोग्रॅम ठेवता येतात, आणि कन्सेप्टने त्याचाच फायदा घेतला. १९९९च्या मार्चमध्ये 'मेलिसा' आला. तो फाइल उघडणाऱ्याच्या आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवून मोकळा होई. मोठमोठ्या कंपन्यांना आपले मेल सर्व्हर काही काळ बंद ठेवावे लागले.

यातून शिकलेला धडा असा, की बाहेरून आलेल्या फाइलीवर 'बाहेरची' अशी खूण असायला हवी. २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ती व्यवस्था आली. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला ब्राउझर एक अदृश्य चिठ्ठी जोडतो, आणि तिच्यात तीन नंबरचा विभाग, म्हणजे इंटरनेट, अशी नोंद असते. वर्ड फाइल उघडताना ही चिठ्ठी पाहतो आणि पिवळी पट्टी दाखवतो. फाइलवर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडले, तर तळाशी 'अनब्लॉक' असा चौकोन दिसतो. त्यात खूण करून 'ओके' म्हटले की चिठ्ठी निघते आणि ती फाइल पुन्हा पिवळी पट्टी दाखवत नाही.

गंमत पुढेच आहे. ही चिठ्ठी फाइलीच्या पोटात नसते. विंडोजच्या डिस्कवरील एनटीएफएस या मांडणीत एका फाइलीला दुसरा लपलेला कप्पा जोडता येतो, त्यात ती राहते. पेन ड्राइव्ह मात्र बहुतेक वेळा फॅट-३२ किंवा एक्सफॅट मांडणीचे असतात आणि त्यांत असा कप्पा नसतो. फाइल पेन ड्राइव्हवर गेली की चिठ्ठी गळून पडते. म्हणून एखाद्याला मेलवर आलेले कोटेशन त्याच्या ऑफिसात पिवळ्या पट्टीसह उघडते आणि तेच पेन ड्राइव्हवरून दुकानात आणले की बिनबोभाट उघडते. दुकानदाराला वाटते आपला कॉम्प्युटर चांगला. खरे तर राखण गेलेली असते, आणि तीही दिवसात दहा कॉम्प्युटरांना लागलेल्या पेन ड्राइव्हवरून. दुकानात पेन ड्राइव्ह लावला की आधी अँटिव्हायरसने तपासावा, मग फाइल उघडावी, हा नियम मी तरी सक्तीचा मानतो.

'एनेबल एडिटिंग' दाबायचे की नाही? पाठवणारा ओळखीचा आहे आणि फाइल येणार हे आधी माहीत होते, तर दाबा. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर फोन करून विचारा. सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांना माल पुरवणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. त्यांच्याकडे 'पर्चेस ऑर्डर' किंवा 'पेमेंट अ‍ॅडव्हाइस' अशा नावाचे मेल रोजच येतात, आणि फसवणारेही तीच नावे वापरतात. एक खूण पक्की लक्षात ठेवावी. फाइलीच्या आतच मोठ्या अक्षरांत 'मजकूर दिसण्यासाठी एनेबल एडिटिंग आणि मग एनेबल कंटेंट दाबा' असे लिहिलेले असेल, तर ती फाइल बंद करून पुसून टाकावी. खऱ्या ऑर्डरला असली विनवणी करावी लागत नाही. 'इमोटेट' नावाच्या कुप्रसिद्ध मालवेअरने जगभर नेमकी हीच युक्ती वापरली. २०२२पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटची चिठ्ठी असलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली, ती अशाच प्रकारांमुळे. पट्टी पिवळीऐवजी लाल असेल, तर फाइलीच्या बांधणीतच वर्डला काही गैर आढळले आहे. तिथे धाडस करू नये. पाठवणाऱ्याकडून नवी प्रत मागवावी.

पट्टीचा रोज त्रास होतो म्हणून 'ट्रस्ट सेंटर'मध्ये जाऊन प्रोटेक्टेड व्ह्यूच्या तिन्ही खुणा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. लोकांच्या फाइली उघडणे हाच ज्यांचा धंदा, त्यांनी तर मुळीच नाही.

याच घराण्यातला एक साधा प्रकार आहे, आणि त्याच्यापायी सर्वांत जास्त टायपिंग वाया जाते. झिप केलेल्या फोल्डरमधली फाइल तिथेच दोनदा टिचकी मारून उघडली, की विंडोज तिची तात्पुरती प्रत कुठेतरी आडबाजूला काढते आणि ती रीड-ओन्ली उघडते. आउटलुकमध्ये मेलला जोडलेली फाइल थेट उघडली तरी असेच होते. फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधून फाइल थेट वर्डमध्ये उघडली, तर तिथेही पुष्कळदा 'प्रत सेव्ह करा' असा आग्रह होतो, कारण दुसऱ्या अ‍ॅपच्या ताब्यातल्या फाइलीवर लिहायची मुभा वर्डला नसते. उपाय एकच : आधी फाइल बाहेर काढा, म्हणजे 'एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'डाउनलोड' करा, आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवून मगच उघडा. परीक्षेचे ५० प्रश्न झिपमधल्या फाइलीत टाइप करून 'सेव्ह'च्या वेळी जागे होणाऱ्या शिक्षकांची संख्या कमी नाही.

आता माणसांनी अडवलेल्या फाइली. ऑफिसात तीन-चार कॉम्प्युटर जोडलेले आहेत, फाइल एका सामायिक फोल्डरमध्ये आहे, आणि ती उघडताना वर्ड सांगतो की फाइल अमुक व्यक्तीने संपादनासाठी धरून ठेवली आहे. हे कुलूप वर्ड कसे लावतो ते पाहण्यासारखे आहे. फाइल उघडताच तो त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण सुरुवातीला ~$ ही चिन्हे असलेली एक लपलेली फाइल तयार करतो. ती जेमतेम १६२ बाइटची असते, आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते. दुसरा कुणी आला की वर्ड ते नाव वाचून दाखवतो. पहिल्याने फाइल बंद केली की ही चिमुकली फाइल आपोआप पुसली जाते. लिबरऑफिसची रीतही हीच; तिथे लपलेल्या फाइलीच्या नावात 'लॉक' हा शब्दच असतो.

एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहू नये ही चिंता कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले तेव्हापासूनची. १९८४च्या डॉस ३.० मध्ये 'शेअर' नावाची आज्ञा आली ती यासाठीच. फाइलला रीड-ओन्ली ठरवणारी 'अ‍ॅट्रिब' आज्ञाही त्याच आवृत्तीतली. आज 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली' असा जो चौकोन दिसतो, तो त्या अ‍ॅट्रिबचा नातू. फाइलच्या बाबतीत त्यातली खूण काढली की काम होते.

कुलुपाची यंत्रणा दोन ठिकाणी फसते. पहिले ठिकाण नावाचे. ऑफिस बसवून देणाऱ्याने सगळ्या कॉम्प्युटरांवर वापरणाऱ्याचे नाव 'यूजर' किंवा 'अ‍ॅडमिन' असेच ठेवलेले असते. मग संदेश येतो, 'फाइल यूजरने धरली आहे', आणि ऑफिसातले चौघेही यूजर! वर्डच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'जनरल'खाली हे नाव बदलता येते. तिथे 'जन्म-मृत्यू नोंद टेबल' किंवा 'करवसुली' असे कामाचे नाव घालावे. माणसे बदलतात, टेबल राहते. मग संदेश वाचून सरळ उठता येते : "भाऊ, इतिवृत्ताची फाइल तुमच्याकडे उघडी आहे, बंद करता का?"

दुसरे ठिकाण विजेचे. यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडी असताना वीज गेली, तर ~$ची फाइल पुसायला वर्ड उरतच नाही. वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि वर्ड सांगतो की फाइल दुसऱ्याने धरली आहे. तो दुसरा कोण? तुम्हीच, पण मघाचे. अशा वेळी सगळ्या खिडक्या बंद करून 'टास्क मॅनेजर'मध्ये वर्ड मागे कुठे चालू राहिला आहे का ते पाहावे, असल्यास बंद करावा. मग फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवायला सांगून ~$ची ती फाइल पुसावी. पण त्याआधी बाकीच्या कॉम्प्युटरांवर ती मूळ फाइल खरोखर कुणाकडे उघडी नाही ना, हे उठून पाहून यावे. कुणी काम करत असताना त्याचे कुलूप पुसले, तर मग ज्याने शेवटी सेव्ह केले त्याचे राहते आणि दुसऱ्याचे जाते, आणि हे दोघांनाही लगेच कळत नाही.

कधी फाइल कुणीच उघडलेली नसते, तरी ती धरलेली असते. याचा गुन्हेगार फाइल एक्सप्लोररमधली 'प्रिव्ह्यू'ची उजवी पट्टी. फाइलवर नुसती एक टिचकी मारली की मजकूर दाखवण्यासाठी विंडोजच ती उघडून बसते. अल्ट आणि पी ही बटणे एकत्र दाबली की ती पट्टी जाते. हे माहीत नसल्यामुळे लोक कॉम्प्युटर पुन्हा सुरू करतात, आणि त्याने काम होते म्हणून तोच उपाय समजतात.

ज्या फाइलवर चौघांना रोज लिहायचे आहे ती मुळात अशी एका फोल्डरमध्ये ठेवूच नये, असे माझे मत आहे. गुगल डॉक्स किंवा वनड्राइव्हवर ठेवली तर सगळे एकदम लिहू शकतात. तिथे अडचण आली तर ती परवानगीची : मालकाने तुम्हाला फक्त 'व्ह्यूअर' केलेले असते. त्याच्याकडून 'एडिटर'चा हक्क मागावा, लिंक पुन्हा पुन्हा उघडून काही होत नाही. वनड्राइव्हची फुकटची जागा ५ जीबी आहे हेही विसरू नये. ती भरली की केलेले बदल वर चढत नाहीत, आणि घरी केलेली दुरुस्ती ऑफिसात दिसत नाही.

मुद्दाम लावलेली कुलुपे वेगळी. त्यांत 'मार्क अ‍ॅज फायनल' सर्वांत सौम्य. ते वर्डमध्ये २००७पासून आहे. वरच्या पट्टीवरचे 'एडिट एनीवे' दाबले की ते सुटते. तो इशारा आहे, सुरक्षा नव्हे, आणि गोपनीय मजकुरासाठी त्यावर विसंबू नये. काही फाइली उघडताना 'रीड-ओन्ली उघडू का?' असे विचारतात. तिथे 'नो' म्हणण्याची मोकळीक असते, पण घाईत लोक 'यस' दाबतात आणि मग लिहिता येत नाही म्हणून कुरकुरतात. बदलासाठी पासवर्ड असेल तर तो ठेवणाऱ्याकडूनच घ्यावा. 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' लावलेल्या अर्जात फक्त रिकाम्या जागा भरता येतात. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने किंवा एखाद्या कार्यालयाने दिलेला नमुना असा असतो, कारण त्यांना अटींचा मजकूर जसाच्या तसा परत हवा असतो. तो नवीन पानावर चिकटवून 'दुरुस्त' करून देणारे दुकानदार गिऱ्हाइकाचे भले करत नाहीत. डिजिटल सही केलेल्या फाइलचेही तसेच. बदल केला की सही जाते, आणि ती जावी यासाठीच सही असते. सही असलेला सात-बारा घेऊन 'नावात एक अक्षर चुकलंय, तेवढं नीट करून द्या' असे म्हणणारा आला, तर त्याला तलाठी कार्यालयाचा रस्ता दाखवावा.

डिस्कवाल्या अडचणी त्या मानाने लवकर सुटतात, पण त्यांतल्या एका गैरसमजाने हजारो तास खाल्ले आहेत. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'पुढे एक भरीव चौकोन दिसतो. लोक तो काढतात, 'अप्लाय' करतात, पुन्हा उघडून पाहतात, तर तो परत हजर. पुन्हा काढतात. त्या चौकोनाचा फोल्डरमध्ये लिहिता येण्याशी संबंधच नाही. फोल्डरच्या बाबतीत विंडोज ही खूण, फोल्डरचे रूप किंवा चिन्ह वेगळे केले आहे का, हे लक्षात ठेवण्यासाठी वापरते. त्याच्या मागे लागू नये. फोल्डर खरोखर अडवत असेल तर त्याचे उत्तर शेजारच्या 'सिक्युरिटी'मध्ये असते. विंडोज नव्याने टाकली किंवा जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्याला जोडली, की जुन्या फोल्डरांचा मालक विंडोजच्या दृष्टीने जुनाच वापरकर्ता राहतो, नाव तेच असले तरी. तिथे नव्या खात्याला हक्क द्यावे लागतात.

फोटो स्टुडिओतून आलेल्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला बारीक सरकती पट्टी असते. ती खाली, 'लॉक'कडे सरकली की कार्डावर काही लिहिता येत नाही. फ्लॉपीच्या काळापासूनची ही परंपरा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की ती राखलेली समजायची, साडेतीन इंचीला सरकती खिडकी आली. पेन ड्राइव्ह एका दिवशी आपणहून रीड-ओन्ली झाला, तर मात्र त्याला दुरुस्त करण्याच्या आज्ञा शोधत बसू नये. त्यातली मेमरी झिजली की आतला नियंत्रक लिहिणे बंद करतो, म्हणजे निदान आहे ते वाचता यावे. आतले सगळे त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि तो पेन ड्राइव्ह टाकून द्यावा. आणि विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरची फाइल अ‍ॅपलच्या मॅकवर फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. पुण्याच्या डिझायनरकडे हार्ड डिस्क पाठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी दोन फोन वाचतील.

परवान्याचे दोन ओळींत सांगता येईल. नव्या लॅपटॉपबरोबर आलेले ऑफिस पुष्कळदा काही दिवसांच्या चाचणीचे असते. मुदत संपली आणि सवलतीचे दिवसही सरले, की वर्ड फाइली उघडतो, प्रिंट काढतो, पण लिहू देत नाही. पैसे भरायचे नसतील तर लिबरऑफिस फुकट आहे आणि भाडेकरार-अर्जांना ते पुरून उरते. इंटरनेटवर मिळणारी 'क्रॅक' टाकणे म्हणजे प्रोटेक्टेड व्ह्यूने जे दारात अडवले त्याला मागच्या दाराने घरात घेणे.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक कुलूप भेटते, आणि त्याचा संदेश कुठेच येत नाही. जुन्या फाइली श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा सॉफ्टवेअरांच्या फाँटांत टाइप केलेल्या असतात. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकसारख्या संस्थांनी त्या काळी मराठी कॉम्प्युटरवर आणली हे त्यांचे मोठेच काम. पण त्या फाँटांत 'क' हे अक्षर आतून 'क' म्हणून नोंदलेले नसे, रोमन लिपीच्या एखाद्या चिन्हाच्या जागी त्याचे चित्र बसवलेले असे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१मध्येच आली आणि विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने मराठीला आधार दिला, तरी कार्यालये जुन्याच सवयीने चालत राहिली. आज अशी फाइल उघडते, लिहूही देते, पण फाँट नसेल तर पडद्यावर जंतर-मंतर दिसते. आणि फाँट असला तरी युनिकोडमध्ये टाइप केलेला नवा शब्द जुन्या मजकुरात मिसळत नाही. वाचता येते, सुधारता येत नाही. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हाच उपाय. त्यासाठी रूपांतरक मिळतात. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्याने तपासावी, घोळ तिथेच होतात.

आतापर्यंत रीड-ओन्ली सोडवायचे कसे हे पाहिले. एक जागा अशी आहे की तिथे ते सुटू नये यासाठी खास यंत्र लावतात. जप्त केलेल्या कॉम्प्युटरची डिस्क तपासताना न्यायवैद्यक तज्ज्ञ ती 'राइट ब्लॉकर' नावाच्या उपकरणातून जोडतात. डिस्क वाचता येते, पण तिच्यावर एक बाइटही लिहिता येत नाही. कारण नुसता कॉम्प्युटर सुरू केला तरी विंडोज शेकडो फाइलींना हात लावते. मग डिस्कची 'हॅश' काढतात, म्हणजे आतल्या सगळ्या मजकुरापासून गणिताने काढलेली एक ओळख. एक अक्षर बदलले तरी ती पूर्ण बदलते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात ही हॅश नोंदवावी लागते. १ जानेवारी २०१८च्या हिंसाचारानंतर कोरेगाव भीमाचे नाव ज्या खटल्याशी जोडले गेले, तो एल्गार परिषद खटलाही मुख्यतः कॉम्प्युटरमधल्या फाइलींवरच उभा आहे. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने काही फाइली बाहेरून कॉम्प्युटरवर ठेवल्या गेल्याचा निष्कर्ष काढला, तो २०२१मध्ये जाहीर झाला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही. त्याचा निवाडा न्यायालयाचा. इतके मात्र त्यातून दिसते, की कोणती फाइल कधी, कुणी आणि वर्डच्या कोणत्या आवृत्तीत लिहिली याच्या खुणा फाइलीत उरतात आणि वर्षांनंतरही त्या वाचल्या जातात.

म्हणून दुकानात आणि ऑफिसात रीड-ओन्लीचा उपयोग आपल्या बाजूनेही करून घ्यावा. भाडेकराराचा जो कोरा नमुना असतो, त्यात कालच्या गिऱ्हाइकाचे नाव आणि घरभाड्याची रक्कम राहून जाणे ही या धंद्यातली नेहमीची फजिती आहे. नमुन्यातच टाइप केले आणि सवयीने 'सेव्ह' दाबले, झाले. त्यासाठी नमुना उघडून 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'वर्ड टेम्प्लेट' हा प्रकार निवडा. वर्ड स्वतःचाच एक फोल्डर सुचवेल, तो बदलून आपला नेहमीचा निवडा. यानंतर त्या नमुन्यावर दोनदा टिचकी मारली की मूळ फाइल न उघडता तिची बिननावाची ताजी प्रत उघडते, आणि सेव्ह करताना वर्ड नाव विचारतो. मूळ नमुन्यातच सुधारणा करायची असेल, तर उजवी टिचकी मारून 'ओपन' म्हणावे. हे एकदा करायला पाच मिनिटे लागतात. रोज चालणारे पाच-सहा नमुने असतील तर तेवढे आजच करून ठेवा, आणि प्रत्येकाच्या नावात वर्ष घाला, कारण मुद्रांकाचे दर आणि अर्जांचे मसुदे बदलत राहतात.